बोटीची नोंद आता लगेच उघडते

गुरुवार. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा. सांगण्यासारखं काही जमलंच नव्हतं. आज जमलं.

मी मच्छीमार सोसायटीत काम करते. बोट समुद्रात जाण्याआधी तिच्या खलाशांची यादी छापून द्यावी लागते. त्याचा प्रोग्राम मीच बनवलाय. गेल्या महिन्यात त्यातली माहिती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून मुंबईच्या सर्व्हरवर गेली आणि एका बोटीची नोंद उघडायला चार-पाच मिनिटं लागू लागली. मी इंटरनेटवाल्या सुर्वेंना तीनदा बोलावलं, एकदा चांगलं सुनावलंही.

आज सकाळी एका बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, पांडूकाका यादीसाठी ताटकळले होते. "ताई, तुमचा डबा जागा होईस्तोवर ओहोटी लागंल. मग बोट खाडीतच."

"लाईन स्लो आहे, काका."

"याच वायफायवर आता नातवाला व्हिडिओ लावला. तो न अडकता दिसला."

मग पहिल्यांदा स्वतःचा फॉर्म, म्हणजे प्रोग्राममधली नोंद दाखवणारी खिडकी, तपासला. रजिस्टरसारखी पानं उलटता यावीत म्हणून मी तो सगळ्या बोटी घेऊन उघडेल असा केला होता. एका बोटीसाठी दर वेळी सगळ्या बोटींची माहिती मुंबईहून येत होती. तेवढं तिथेच बदललं. आता फॉर्म रिकामा उघडतो, नंबर टाकला की तेवढीच नोंद मागवतो.

यादी लगेच छापली. पाणी उतरायच्या आत काका निघाले. खिडकीतून बोट बाहेर पडताना पाहिली आणि खरंच अभिमान वाटला.

तुम्हीही स्वतःचं काम सगळ्यात शेवटी तपासता का?

उद्या: सुर्वेंना फोन करून सांगणे, लाईन ठीक होती, चूक माझी होती.