गल्लीचा यजमान कोण?

रविवारची सकाळ, साडेसात वाजलेले. भोपाळच्या करोंद मंडीच्या मागच्या वस्तीत चाळीस व्हॉलंटिअर नारिंगी टी-शर्ट घालून राडारोड्याच्या ढिगासमोर उभे होते. हातात नवेकोरे ग्लोव्ह्ज, पायात पांढरे बूट. बहुतेक सगळे अरेरा कॉलनीच्या श्रीमंत भागातून आलेले. ज्यांच्यासाठी हा थाट, ते वस्तीवाले ओट्यांवर बसून चहा पीत आमच्याकडे बघत होते. एका घरातून आमच्यासाठी चार खुर्च्याही आल्या. फावडं घेऊन मात्र एकही माणूस आला नाही.

मी तेव्हा एका संस्थेत कम्युनिटी मोबिलायझर होते. हुद्दा भारदस्त, काम साधं: लोकांना गोळा करायचं, बोलतं करायचं आणि त्यांच्याच भल्याच्या कामात त्यांना ओढायचं. यातलं तिसरं सगळ्यात अवघड. वडील नागपूरहून सरकारी ऑफिसाबरोबर भोपाळला आले, माझा जन्म इथलाच. त्यामुळे हे शहर आपल्याला पुरतं कळतं, वस्त्यांचं काम तर आपल्या डाव्या हाताचा मळ, अशी माझी पक्की समजूत होती. ती त्या रविवारी मोडीत निघाली.

भानगड अशी होती. वस्तीला नळ नव्हते, टँकर यायचा. आता पाइपलाइन मंजूर झाली होती आणि ती मागच्या गल्लीतून जाणार होती. त्या गल्लीत वर्षानुवर्षांच्या फुटक्या विटा, माती, कुजका कचरा, सगळं कमरेइतकं साचलेलं. योजनेत ‘जनभागीदारी’ची अट होती. म्हणजे पाइप सरकार टाकणार, पण जागा रहिवाशांनी श्रमदान करून मोकळी करून द्यायची. पुढच्या सोमवारी इंजिनिअर साइट व्हेरिफिकेशनला येणार होते. गल्ली मोकळी दिसली नाही तर पाइप यादीतल्या पुढच्या वस्तीला.

या पाइपची सगळ्यात जास्त गरज कोणाला होती, तर गेंदाबाईला. चाळिशी उलटलेली, नवरा गेलेला, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. टँकर नेमका तिच्या कामाच्या वेळेला यायचा. पाणी भरावं तर कामाला उशीर, कामाला जावं तर घर कोरडं. दोन घरांनी तिला काढून टाकलं होतं. तिसऱ्या घरच्या मॅडमनी सांगितलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर येऊच नकोस. ती गेंदाबाईसुद्धा त्या दिवशी ओट्यावर बसून होती! मला तिचाच राग सगळ्यात जास्त आला.

अकरापर्यंत व्हॉलंटिअरांनी गल्लीचं एक टोक खरवडलं, भरपूर फोटो काढले आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पागे सरांनी ते फोटो मोठे करून पाहिले. पागे सर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. इंदूरचे, मनाने चांगले, पण रिपोर्टसाठी जीव टाकणारे.

“मॅडम, ह्यात बस्तीवाले कुठे आहेत?”

“आहेत ना. मागे. चहा पिताहेत.”

“मग आता हे जनभागीदारीत कसं दाखवायचं? असं करा, मंडीतनं मजूर लावून टाका. दोन दिवसांत मैदान साफ. नंतर हजेरीच्या शीटवर बस्तीवाल्यांचे अंगठे घेऊन घ्या. सगळे असंच करतात.”

“मी नाही करणार.”

“अहो, पाणी तर त्यांनाच मिळणार आहे न?”

मुद्दा बिनतोड होता, म्हणून जास्तच झोंबला. मी म्हटलं, “मला रविवारपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर तुमचे मजूर आणा, पण शीटवर अंगठे घ्यायला दुसरं कुणीतरी पाठवा.”

त्याच संध्याकाळी मी तणतणत गेंदाबाईच्या दारात उभी राहिले. तीन दिवस रिक्षावर माइक लावून गावभर ओरडलो, घरोघर पत्रकं वाटली, आणि तुम्ही खुर्च्या आणून देता? तोंडाला येईल ते बोलले. ती शांतपणे तांदूळ निवडत होती.

“दीदी, बुलाया किसने था?” तिने विचारलं.

“अगं, तीन दिवस माइक...”

“माइक पे तो मंडी की नीलामी भी बोलते हैं। उसमें हम जाते हैं क्या?”

मग तिने मला माझ्याच धंद्यातली गोष्ट शिकवली. ही वस्ती हमालांची. बहुतेक घरं बुंदेलखंडाकडून आलेली. वस्तीत कुणाच्या घरावर स्लॅब टाकायचा असला की घरधनी हळदीत रंगवलेले तांदूळ घेऊन दारोदार जातो. आपल्या अक्षतांसारखेच, तिकडे त्यांना ‘पीले चावल’ म्हणतात. ज्या घरात ते तांदूळ पडले, त्या घरातून एक माणूस फावडं घेऊन येणारच, मग ताप असो की पाहुणा. मजुरी कुणी घेत नाही, जेवण मात्र यजमानाचं. आणि तांदूळ न मिळता जो जातो, त्याला हावरट म्हणतात.

“और वो नंबर वाली बनियानें,” ती म्हणाली, “हमारे आदमी बोले, ये दूसरी टोली का काम है। हाथ नहीं लगाना।”

मी कपाळावर हात मारला. मंडीत हमालांच्या टोळ्या असतात आणि एका टोळीने धरलेल्या मालाला दुसरी टोळी हात लावत नाही. लावलाच तर भांडणं डोकी फुटेपर्यंत जातात. हजेरी मोजायला सोपं जावं म्हणून आम्ही टी-शर्टांच्या पाठीवर नंबर छापले होते. म्हणजे आम्हीच आमची टोळी उभी केली आणि वर वस्तीवाल्यांनाच आळशी ठरवून मोकळे झालो. बिचारे नियम पाळत होते. आमच्या कष्टांची कदर म्हणून खुर्च्याही देत होते!

“ठीक है, मैं चावल बाँटती हूँ,” मी म्हटलं.

“आप बाँटेंगी तो काम आपका हुआ। पानी किसको चाहिए?”

“तुला. मग तूच वाट.”

ती तांदळातला खडा बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, “मैं बेवा हूँ, दीदी। शगुन का चावल मेरे हाथ से कौन लेगा?”

पाइप गेला तर तिचं काम जाणार होतं. पण तांदूळ घेऊन निघाली आणि दारं बंद झाली, तर त्या वस्तीत तिला मान वर करून राहता आलं नसतं. हा धोका तिने पत्करावा असं सांगायचा मला काय अधिकार? मी तसं बोललेही. म्हटलं, जाऊ दे, मी दुसरं काही बघते.

ती उठली आणि तिने हळदीचा डबा काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती निघाली. ताटलीत पिवळे तांदूळ, डोक्यावर पदर. सोबत शेजारची नफीसा आपा. मी चार पावलं मागे. तिने पहिलं घर निवडलं तेच हल्के दादांचं. हल्के दादा मुकादम, म्हणजे टोळीचे प्रमुख. वय सत्तरीकडे झुकलेलं, वस्तीत त्यांचा शब्द शेवटचा. मी म्हटलं, अगं, आधी एखादं सोपं घर तरी घे! पण ती ऐकेल तर शपथ.

हल्के दादा खाटेवर बसले होते. त्यांनी ताटली पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं.

“काए को न्योतो?” म्हणजे आमंत्रण कशाचं?

“पिछली गली को, दद्दा। इतवार को।”

“चावल कौन के घर को आए?”

“मेरे।”

शेजारच्या ओट्यांवरच्या बाया आमच्याकडे वळल्या. म्हाताऱ्याने खांद्यावरचा गमछा सारखा केला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली.

“खबैहौ का?” म्हणजे खायला काय घालणार?

“गाकड़-भर्ता।” गोवऱ्यांवर भाजलेल्या जाड बाट्या आणि वांग्याचं भरीत.

“घी कम न परे,” असं म्हणून त्यांनी तांदूळ घेतले.

त्यानंतर एकही दार बंद झालं नाही. मुसलमानांच्या घरांपाशी मी जरा चाचरले. यांच्याकडे हा रिवाज नसेल तर? नफीसा आपा हसत सुटली. “चावल हमारे यहाँ भी पकता है, मैडम। डालो!” पीठ, वांगी, गोवऱ्या सगळ्या घरांतून आल्या. तूप हल्के दादांनी स्वतः पाठवलं. बहुधा त्यांचा आमच्यावर भरवसा नसावा.

रविवारी मंडीला सुटी. मी सातला पोचले तर काम सुरू होऊन तास झाला होता! घरटी एक माणूस, काही घरांतून तिघं. हमालांची काम करायची पद्धत बघण्यासारखी असते. कुणी घमेलं घेऊन पळत नाही. दोन हातांच्या अंतरावर रांग लागते, घमेलं हातोहात पुढे सरकतं, रिकामं दुसऱ्या बाजूने परत येतं. हल्के दादा मध्ये उभे राहून हाळी देत होते आणि त्या तालावर अख्खी गल्ली हलत होती.

आठच्या सुमाराला पागे सर आले. सोबत पंधरा-वीस व्हॉलंटिअर, तेच नंबरवाले टी-शर्ट.

“साहब, जे उतारो,” हल्के दादा म्हणाले. “नईं तो टोली अलग मानी जैहै।”

पागे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे. शेवटी सगळ्यांनी टी-शर्ट उलटे करून घातले आणि रांगेत उभे राहिले. पागे सरांच्या एका बाजूला नफीसा आपा, दुसऱ्या बाजूला एक पहिलवान हमाल. घमेलं दोन सेकंद जरी अडलं तरी दोन्हीकडून बोलणी बसत होती. त्यांनी त्या सकाळी एकही फोटो काढला नाही, कारण हात रिकामे झालेच नाहीत.

साडेअकराला गल्लीची जमीन दिसली. मी अक्षरशः रडले. गेंदाबाई गाकड वाढत होती आणि हल्के दादा तिच्या हातून मागून मागून घेत होते.

सोमवारी इंजिनिअर आले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले. “ठेकेदार कौन था?”

“ठेका नहीं था, साहब,” गेंदाबाई पुढे झाली. “न्योता था। मेरा।”

इंजिनिअरांनी तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

रिपोर्टमध्ये मी तिचं नाव व्हॉलंटिअर म्हणून लिहिलं. ते काय असतं, तिने विचारलं. मी सांगितलं, जो आपल्या मर्जीने, पैसे न घेता काम करतो तो.

“और आप?”

“मला पगार मिळतो.”

“अच्छा,” ती म्हणाली, “आप मजदूरी पे हैं।” तिच्या आवाजात थट्टा नव्हती, थोडी सहानुभूती होती.

दोन महिन्यांनी पाणी सुरू करायचा दिवस आला. पूजेला सवाष्ण बसवायची पद्धत, म्हणून दोन-तीन नावं पुढे आली. हल्के दादांनी एका वाक्यात सगळी बाद केली. “जीको न्योतो, ओई को नल।” म्हणजे जिचं आमंत्रण, तिचाच नळ. गेंदाबाईने नळाला कुंकू लावलं आणि तोटी फिरवली. आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग चांगलं. बाया ओरडल्या, कुणीतरी ताशा वाजवला. तिने एक घागर भरली, ती घरात नेऊन ठेवली, पदर खोचला आणि भाषणं सुरू व्हायच्या आत कामाला निघून गेली. त्या दिवशी ती वेळेच्या आधी पोचली.

पुढे ट्रेनिंगला येणारी नवी पोरं मला विचारायची, लोकांचा सहभाग कसा मिळवायचा? मी सांगायचे, काम कोणाचं आहे ते आधी विचारा. उत्तर ‘आमच्या संस्थेचं’ असं आलं, तर खुर्च्या येतील, त्यांवर बसा.