ओडिल गाव बघायला येते

मोंतेरलची तटबंदी, चर्चच्या पायऱ्या, बाजारातल्या कमानी, गेल्या चाळीस वर्षांत जिथं जिथं दगड निसटला तिथं लेऑन्स गवंड्याचा हात लागला. टेकडीवरचं हे गाव ढासळत होतं तेव्हा त्यानं ते सावरलं. मग ते फ्रान्सच्या सर्वांत सुंदर गावांच्या यादीत गेलं. पॅरिसवाल्यांनी घरं घेतली, शाळा बंद पडली, खाटकाच्या दुकानात सुगंधी साबण आले. हिवाळ्यात जेमतेम सात घरांतून धूर निघायचा. त्यातलं एक लेऑन्स आणि ओडिलचं.

ओडिल शाळेत स्वैपाक करायची. सत्तरीत विसरायला लागली. आधी मिठाची बरणी, मग बहिणीचं मरण. घर मात्र चुकायची नाही. गल्लीत फक्त त्यांच्याच खिडक्यांना निळ्या झडपा होत्या. त्या दिसल्या की ती वळायची.

मग नियम निघाला, तटाच्या आत सगळ्या झडपा राखाडी. लेऑन्स नगरपालिकेत गेला. तिथं टेबलामागे मॅगाली होती, याच गावची, ओडिलच्या हातचं जेवून मोठी झालेली.

"लेऑन्सकाका, माझ्या हातात असतं तर कधीच केलं असतं. पण एकाला सूट दिली की उद्या सगळे रांग लावतील."

"सगळे म्हणजे कोण गं? उरलंय कोण इथं?"

मॅगाली कागद सारखे करत बसली.

शेवटी त्यानंच झडपा राखाडी रंगवल्या. ओडिल खाली उभी राहून बघत होती. "छान दिसतंय," म्हणाली. "कुणाचं घर आहे रे?"

जुलैत, ऐन गर्दीत ती हरवली. दोन तासांनी सापडली ती भाड्यानं दिलेल्या एका घरात, पाहुण्या बेल्जियन कुटुंबाच्या स्वैपाकघरात बटाटे सोलताना. घरातली बाई अवघडून म्हणाली, "आम्हाला वाटलं, घराबरोबर स्वैपाकीणही मिळाली."

"मध्ये येऊ नकोस," ओडिल लेऑन्सवर खेकसली. "चाळीस पोरं जेवायला येतील आता."

ऑगस्टमध्ये ती पायऱ्यांवर पडली, मनगट मोडलं. सप्टेंबरात लेऑन्सनं तिला खाली दरीतल्या वृद्धाश्रमात ठेवलं. रोज दुपारी तो जायचा. थोड्याच दिवसांत ती त्याला 'तुम्ही' म्हणू लागली.

"तुम्ही कुठले?"

"मोंतेरलचा."

"ऐकलंय मी. फार सुंदर आहे म्हणे. न्याल का मला एकदा?"

रविवारी त्यानं तिला आणलं. सकाळीच चूल पेटवून, तिची खुर्ची चुलीजवळ ओढून ठेवली होती. आपल्या खुर्चीत बसली की काहीतरी आठवेल, एवढीच त्याची आशा.

वेशीतून ती त्याचा हात धरून आली. तटाच्या दगडांवरून तिनं बोटं फिरवली. "कुणी बांधलं असेल हो हे?"

"असेल कुणी गवंडी."

बाजारात मॅगालीनं "ओडिलकाकू" म्हणत तिला जवळ घेतलं. ओडिल आदबीनं म्हणाली, "नशीबवान आहात बाई, अशा गावात राहता."

स्वतःच्या घरापाशी ती आपणहून थांबली. खिडकीच्या काचेला हात लावून आत डोकावली. चूल, ओट्यावरची भांडी, खुर्ची, सगळं नीट बघितलं.

"कोण राहतं इथं?"

लेऑन्सनं दार उघडलं. "चल, आत ये. बस जरा."

तिनं हात सोडवून घेतला. "छे, लोकांच्या घरात असं कसं शिरायचं? वाईट दिसतं." मग शाल आवळत म्हणाली, "मला परत सोडा ना. थंडी वाजतेय."

तो उंबऱ्यात उभाच राहिला. ती पुन्हा "परत सोडा" म्हणाली तेव्हा त्यानं दार ओढून घेतलं.

आश्रमाच्या दाराशी तिनं त्याचा हात हातात घेतला. "माझ्यामुळे तुमचा रविवार गेला. घरी वाट बघत असतील ना?"

"हो," लेऑन्स म्हणाला.

त्यानंतर दोन दिवस तो खाली गेला नाही. मंगळवारी मॅगालीनं बराच वेळ दार वाजवलं. "जरा आडवा झालोय," एवढंच आतून ऐकू आलं. ती कचेरीत निघून गेली.