कोपऱ्यातला डाग

चष्मेवाले काका आठवडाभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवत आणि सुट्टीच्या दिवशी त्याच लोकांना पोराबाळांसकट गावाबाहेरच्या टेकडीवर नेत. चष्मा दिला तर त्यातून बघायला काहीतरी द्यायला नको का, असा त्यांचा साधा हिशेब होता.

त्यांची एक पद्धत होती. टेकडीवर पोहोचल्यावर ते कुणालाही हे बघा, ते बघा करत नसत. मुलांकडे पाठ करून उकिडवे बसत आणि एखाद्या दगडाखाली अशी नजर लावत, जणू घराची किल्ली तिथेच पडली आहे. बोलायचं नाही, वळायचं नाही. थोड्या वेळाने एखादं पोरगं मानेवर श्वास सोडू लागे, मग दुसरं, मग फोनात बुडालेला एखादा बापही. एका गृहस्थांनी तर गोगलगाय बघण्याच्या नादात साहेबांचा फोन कापला होता. त्यांच्या बायकोने काकांना तिथल्या तिथे देवमाणूस ठरवून टाकलं.

या देवमाणसाची स्वतःची मुलगी मात्र कितीतरी महिने खोलीबाहेर आली नव्हती. त्या खोलीत ती आणि आजी, एकाच पांघरुणात रात्र रात्र गप्पा मारणाऱ्या. आजी गेली आणि नातीने दार लावून घेतलं. कॉलेज सुटलं, मैत्रिणी येईनाशा झाल्या. ताट दाराशी ठेवायचं आणि जवळजवळ तसंच उचलायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिच्या कलाने घ्या, जरा मोकळ्या हवेत न्या.

मोकळी हवा म्हणजे काकांचं खातं. ते पेटलेच. दाराबाहेर उभं राहून त्यांनी पक्ष्यांची वर्णनं केली, विनवण्या केल्या, चिडले, रडले, दाराखालून रंगीत पानं सरकवली. पानं तशीच परत आली.

"अहो, जगाच्या लेकरांपुढे तुम्ही अवाक्षर काढत नाही," काकू म्हणाल्या. "हिच्यापुढेच बरी तुमची टकळी सुरू होते?"

काकांना ते लागलं, पण कळलं नाही.

त्यातून त्यांनी नवीनच काढलं. ती बाहेर येत नाही ना, मग बाहेरचं आत जाऊ दे. तिच्या खिडकीची काच धुळीने आंधळी झाली होती. परसातलं झाड तिला दिसणार कसं? शिवाय दुकानात जन्म गेलेला माणूस, मळकी काच दिसली की हात शिवशिवणारच. परसात खिडकीखाली स्टूल टाकलं, दुकानातलं फडकं आणि फवारा आणला, काच लख्ख केली. कोपऱ्यात मातीचा एक गोळा चिकटला होता. तो काकांनी न बघताच पात्याने खरवडून खाली कचऱ्यात पाडला आणि ते मोठ्या आशेने आत डोकावले.

ती काचेशीच उभी होती. त्या कोपऱ्यात आतल्या बाजूने तळहाताएवढी काच स्वच्छ पुसलेली होती.

"बाबा, कुंभारणीचं घर होतं ते," ती म्हणाली. "इथून आतलं सगळं दिसायचं. कोश झाले होते. मी त्यांच्यासाठी उठत होते रोज."

आणि तिने पडदा ओढून घेतला.

कुंभारीण माशी, मातीची घरं बांधणारी. टेकडीवर हिच्याच घरापुढे काकांनी किती जणांना बसवलं होतं. कुणी बोट पुढे केलंच, तर हात लावायचा नाही हं, आत बाळं आहेत, एवढंच ते बोलत.

काका स्टुलावरून उतरले की घसरले, त्यांनाच कळलं नाही. कचऱ्यापुढे गुडघे टेकून, डोळ्याला भिंग लावून ते एकेक ढेकूळ उलटू लागले. शेजारीण कुंपणावरून विचारून गेली, काय हो हरवलं? मातीच्या खोल्या फुटल्या होत्या, आतले जीव चिरडले होते. तेच तुकडे ते पुन्हा पुन्हा उलटे करत राहिले. काकू शेजारी येऊन बसल्या. त्यांनी टोमणा मारला नाही, याचीच काकांना जास्त भीती वाटली.

एक खोली शाबूत निघाली. आतला जीव जिवंत होता की नाही, भिंगातूनही दिसेना.

चष्म्याच्या मखमली डबीत ती ठेवून काका लेकीच्या दाराशी गेले. आता माफीचं मोठं भाषण होणार हे ओळखून काकूंनी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. काका बसले ते दाराकडे पाठ करून, उघडी डबी मांडीवर घेऊन. पद्धतबिद्धत काही डोक्यात नव्हती. मान वर करायचं त्राणच उरलं नव्हतं. ते नुसते डबीकडे बघत राहिले.

कितीतरी वेळाने कडी वाजली. मानेवर श्वास आला.

"हलवू नका," ती म्हणाली. "घरात नाही चालणार. बाहेर ठेवायला हवी, आडोशाला. निघालीच तर उडता यायला नको?"

"निघेल का गं?"

"माहीत नाही."

तिने डबी काढून घेतली आणि उन्हाने डोळे मिचकावत, अनवाणीच परसात उतरली. काका उठू लागले, तसा काकूंनी त्यांचा सदरा घट्ट धरला. ती इतक्यात परत येऊ नये म्हणून दोघांनी श्वाससुद्धा जपून घेतला.