उन्हाळ कांदा, लाल कांदा

साडीच्या दुकानात खैरनार काका गादीवर बसत नसत. ते साडी उचलत, जिच्यासाठी ती घ्यायची तिला बाहेर फुटपाथवर आणत, तिच्या हनुवटीखाली पदर धरायला लावत आणि दोन पावलं मागे सरकून डोळे बारीक करत. मेन रोडवरच्या दुचाक्या त्यांना वळसा घालून जात. मग निकाल येई : ‘ओके’ किंवा ‘रिजेक्ट’. तिसरा शब्द नव्हता.

“काका, आत एवढे दिवे कशाला लावलेत आम्ही?” दुकानदार एकदा वैतागून म्हणाला.

“साडी विकायला,” काका म्हणाले. “पोरगी काय जन्मभर तुझ्या दिव्याखाली उभी राहणार आहे का?”

ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची सगळी नोकरी रंगविभागात झाली. दुरुस्त केलेल्या पत्र्याचा रंग शेजारच्या जुन्या रंगाशी जुळतो की नाही, हे पाहणं त्यांचं काम. निवृत्तीनंतर पत्रे संपले, नजर उरली. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीत कोणाच्याही घरी लग्न ठरलं, की बस्त्याला, म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी मिळून करायच्या कापडखरेदीला, काकांना बोलावणं असे. मुलीकडचे बोलावत, तसे मुलाकडचेही.

त्यांचा मुख्य नियम एकच होता. “कापडाकडं बघू नका, तोंडाकडं बघा. कापड धरल्यावर तोंड उजळलं, तर साडी चांगली. कापडच उजळलं, तर ती दुकानात टांगलेलीच बरी.”

काळं-गोरं ही भाषा त्यांना मान्य नव्हती. कोणी “आमची जरा सावळी आहे, फिकट दाखवा” म्हटलं, की ते भडकत. काकांचं मूळ गाव चांदवडजवळ, घरची शेती कांद्याची. अंगाच्या रंगाचे त्यांनी दोनच प्रकार केले होते आणि तेही कांद्यावरून. उन्हाळ कांद्याची साल तांबूस-पिवळी, हळदीकडे झुकणारी. लाल कांद्याची जांभळाकडे. “गोरी असो नाहीतर काळी, आतली झाक बघायची,” ते सांगत. उन्हाळ असेल तिला मोहरी, विटकरी, शेवाळी रंग द्यायचे. लाल असेल तिला वांगी, राणी, गडद निळा. कॉलनीतल्या बायका त्यांना रस्त्यात गाठून विचारत, “काका, मी कुठला कांदा?” काका मनगट उलटं करून बघत आणि सांगत. त्यांच्या पत्नी शकुंतलाकाकू लाल होत्या. “पाच मुलींत मला पसंत केलं ते चव बघून नाही, साल बघून,” असं त्या चारचौघांत म्हणत.

जाधवांची नेहा आमच्या शेजारची. ती शाळेत जायची तेव्हापासून काकांनी तिला लाल ठरवून टाकलं होतं आणि तिच्या वाढदिवसाचे फ्रॉकदेखील त्यांनी निवडलेले होते. तिचं लग्न कळवणच्या देवरे कुटुंबात ठरलं. बस्ता नाशकात झाला. नवरीचा शालू सासरचे घेतात. म्हणून मुलाची आई, सुमनबाई देवरे, पुढे बसल्या होत्या. त्यांनी एक वांगी रंगाचा शालू बाजूला काढला.

“हा तपकिरी नको,” काका म्हणाले. “मळका दिसतो.”

“काका, वांगी आहे,” विक्रेता हसला. त्याला वाटलं, थट्टा चालली आहे.

काकांनी मोहरी रंगाचा शालू उचलला, नेहाला बाहेर नेलं, पाहिलं आणि ओके म्हटलं. नेहाची आई, संगीताताई, हळूच म्हणाल्या, “पण तुम्हीच तर हिला लाल म्हणायचा ना?” काका म्हणाले, “वयाने झाक बदलते.” सुमनबाईंनी काकांच्या नजरेबद्दल बरंच ऐकलं होतं. त्यांनी वांगी शालू गप्प ठेवून दिला. मोहरी शालूच बांधून घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काकांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती ते बरेच दिवस टाळत होते. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काकू चहा घेऊन समोर उभ्या होत्या.

“अगं, हे काय पिवळंधमक नेसलीस? कावीळ झाल्यासारखी दिसतेस.”

“तुम्हीच आणलेली आहे, गेल्या दिवाळीत.”

काकांनी उजवा डोळा झाकला, मग डावा. एका डोळ्याला भिंत पांढरी दिसत होती, दुसऱ्याला चहात बुडवल्यासारखी. डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं : मोतीबिंदू पिकतो तसा डोळ्यापुढे पिवळट पडदा येतो, तो हळूहळू येतो म्हणून कळत नाही आणि निळा-जांभळा त्यात आधी मरतो. म्हणजे अलीकडे काकांना सगळं जगच उन्हाळ कांदा दिसत होतं.

काळा चष्मा लावून ते तडक जाधवांकडे गेले. नेहाला शालू घेऊन गॅलरीत उभं केलं. ब्लाउजपीस अजून कापलेलं नव्हतं; नेहा शिंप्याकडे जायचं रोज पुढे ढकलत होती. काकांनी चष्मा काढला आणि डावा डोळा तळहाताने झाकला.

“रिजेक्ट,” ते म्हणाले. “साडी नाही, माझा डोळा. तुला आवडला होता का हा?”

“नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बघत होता ना, काका.”

काकांनी शालूची घडी घातली. शालू बदलायचा, असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा संगीताताई घाबरल्या. “सासरच्यांनी दिलेला शालू नाकारायचा? लग्न मोडायचंय का तुम्हाला?”

“नाकारत नाही. चूक माझी, तर सांगायला मीच जातो.”

डोळा नवा असताना काकू त्यांना एसटीत एकटं पाठवायला तयार नव्हत्या, म्हणून मी सोबत गेलो. काका वाटभर शालूची पिशवी मांडीवर धरून बसले होते. कळवणला देवऱ्यांच्या ओट्यावर चहा झाला. काकांनी प्रस्तावना केली नाही.

“ताई, त्या दिवशी मला दिसत नव्हतं. शालू चुकला. पोरीने तक्रार केलेली नाही, करणारही नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा.”

सुमनबाई पदर तोंडाला लावून हसल्या. “मला तर तो वांगीच आवडला होता हो. पण तुम्ही एवढे नावाजलेले! म्हटलं, आपल्याला खेड्यातल्याला काय कळतंय. घरी येऊन मालकांनी ऐकवलं, तुला जीभ नव्हती का म्हणून.”

त्यांनी पिशवीतून शालू काढला, उलगडला आणि स्वतःच अंगणात उन्हात जाऊन हनुवटीखाली धरला. “आता हा कोणाचा?”

काकांनी पुन्हा डावा डोळा झाकला. सुमनबाईंचा चेहरा त्या मोहरी रंगावर उजळून आला होता. ते मलाही दिसत होतं. पण काका निकाल देईनात.

“तुम्हाला कसं वाटतं, ताई?” त्यांनी विचारलं. आजवर हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

“मला? मला लय आवडला.”

“मग तुमचाच.”

लग्न कळवणला झालं. तोवर काकांचा दुसरा डोळाही झाला होता. सुमनबाईंनी पुन्हा नाशकात जाऊन आणलेल्या त्या वांगी शालूत नेहा बोहल्यावर आली, तेव्हा मंडपातल्या आमच्या कॉलनीच्या बायका सवयीने काकांकडे वळल्या. “काका, कशी दिसतेय?”

“तिला विचारा,” काका म्हणाले. “मी जेवायला आलोय.”