वडगावच्या बाजारातला मलमवाला

मंडळी, आज मी सूड उगवून आले.

गेल्या महिन्यात एका फिरत्या मलमवाल्यानं आमच्या टाकवे गावात माझ्या आईला गुडघेदुखीवर पेपरमिंटचा मलम दिला. "जाड थापा, फडकं आवळून बांधा, वर तापली वीट ठेवा," म्हणाला. आईनं तसंच केलं. कातडी भाजून टरारून फोड आले. अजून तिला धड चालवत नाही.

आज वडगावला टांग्यातून उतरले, तर बाजारात तोच माणूस तेच सांगत होता.

मी म्हटलं, "आधी स्वतःच्या गुडघ्यावर बांधून दाखवा."

"व्हय, दाव की!" गर्दी ओरडली. त्याला माघार घेता येईना. त्यानं मलम थापला, फडकं मी आवळून बांधलं. भजीवाल्याच्या चुलीजवळची तापली वीट मीच दुसऱ्या फडक्यात धरून आणली आणि वर ठेवली.

थोड्याच वेळात तो कळवळला. "बाई, सोडा! आग व्हतीया!"

मी गाठीवर हात दाबून धरला. "आधी सगळ्यांना खरं सांगा."

"पातळच लावायचा. जखमेवर, डोळ्याजवळ न्हाई. बांधायचं न्हाई, शेकायचं न्हाई. लावून झालं की हात धुवायचे!"

मग मी गाठ सोडली.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इतक्या लवकर का सोडलंस गं?"

म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही कधी सोडलं असतं?