अरुंधती दाखवण्याचं काम

आमच्या गच्चीवर दुर्बीण आहे ही बातमी कॉलनीत पसरली आणि आमच्या घरातली साखर झपाट्यानं संपायला लागली. वडील, म्हणजे आमचे अण्णा, शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या मास्तरांनी प्लॉटचे व्यवहार धरले, आमच्यांनी आभाळ धरलं. शनिवारी संध्याकाळी सिडकोतल्या आमच्या घरी जो येईल त्याला तारे दाखवायचे, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर येणाऱ्यांना काय तोटा. चहा अर्थातच माझ्याकडं.

लोकांचे प्रश्न ठरलेले असायचे. पहिला प्रश्न, माझी रास कुठंय? एवढं विश्व डोक्यावर पसरलेलं, आणि माणूस मान वर करून आधी स्वतःलाच शोधणार. सिंह राशीचा माणूस सिंह बघून छाती फुगवून जिना उतरायचा. कर्कवाल्याला अण्णा सांगायचे, "तुमची रास लई फिकी आहे, शहराच्या उजेडात दिसायची नाय." ते त्याच्या असं जिव्हारी लागायचं, जसं काही अख्ख्या गल्लीत त्याच्या एकट्याच्याच नळाला पाणी आलं नाही.

दुसरा प्रश्न, ध्रुवतारा सगळ्यात तेजस्वी असतो ना? नसतो. दिसायला अगदीच बेताचा आहे. तो जागेवरून हलत नाही, एवढंच त्याचं कर्तृत्व. आमच्या कॉलनीचे अध्यक्षही त्याच एका गुणावर इतकी वर्षं टिकलेत.

मग यायचा मेलेल्या ताऱ्यांचा प्रश्न. तारे कधीच मेलेले असतात आणि आपल्याला नुसता जुना उजेड दिसतो, हे प्रत्येकाला मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं असायचं. उजेड जुना असतो हे खरंय, पण नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळपास सगळे तारे चांगले जिवंत आहेत, असं अण्णा सांगायचे. लोकांचे चेहरे पडायचे. मयताला म्हणून यावं आणि माणूस उठून बसावा तशी त्यांची निराशा व्हायची.

वाळूजच्या कंपनीतला एक इंजिनिअर यायचा. अण्णांनी त्याला समजावलं की विश्वात दीर्घिका अगणित आहेत, आकाशगंगा ही त्यातली आपली, आपण तिच्या आतच राहतो. तो म्हणाला, "आत राहतो, तर मग तिचा बाहेरून फोटो कुणी काढला?" त्या सगळ्या वर्षांत आलेला हा एकच शहाणा प्रश्न. अण्णा इतके खूश झाले की त्याला दुसरा चहा मिळाला. "कुणीच नाय काढला," ते म्हणाले, "ते चित्र आहे." त्याच्या मोबाइलच्या स्क्रीनवर तेच चित्र होतं. पुढच्या शनिवारी बघितलं तर तिथं गणपती आला होता.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं तर मी आयुष्यभर कुरकुरत चहा केला असता आणि सुखात राहिले असते.

रमजान संपत आला की ईदचा चंद्र बघायला शेजारच्या खाला आणि त्यांचं घर आमच्या गच्चीवर यायचं. आमची पश्चिम मोकळी, शिवाय अण्णांची नजर. कोर कितीही बारीक असो, दुर्बिणीला हात न लावता सगळ्यांच्या आधी त्यांना दिसायची. गेल्या ईदलाही त्यांनी ऐटीत हात लांब केला, "तो बघा, टाकीच्या वर." टाकीच्या वर काही नव्हतं. चंद्र बराच डावीकडं, कडुलिंबाच्या शेंड्यावर होता. तो मला दिसला, खालांनाही दिसला. खालांनी एकदा टाकीकडं बघितलं, एकदा अण्णांकडं. "हां हां, दिख गया भाईजान, मुबारक हो," म्हणाल्या, आणि कडुलिंबाकडं तोंड करून दुआ मागितली. मी चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी अण्णांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून वाचवता येते, रोज टाकायचे, एकदाही चुकवायचे नाहीत. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं, घरी आले आणि थेंबांची बाटली फ्रीजमध्ये लोणच्याच्या मागं सारून ठेवली. "परवा डॉक्टर झालेलं पोरगं ते," म्हणाले, "त्याला काय कळतंय." त्यानंतर भिंगाला बुरशी आली होती. मग हवेत धूळ होती. मग शेंद्र्याकडच्या कारखान्यांच्या उजेडानं पूर्व नासली होती. अख्ख्या ब्रह्मांडात दोष निघाले, एक अण्णांचे डोळे तेवढे शाबूत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंधश्रद्धा सोलणारा माणूस, आणि स्वतः ही एक घट्ट कवटाळून बसला होता.

मी भांडले, अबोला धरला, एकदा तर चहाच बंद केला. "मला दिसतंय," एवढंच उत्तर. मला भीती वाटायची, रोज वाटायची. माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत आंधळा होत होता, तेही केवळ हट्टापायी, आणि मला काही करता येत नव्हतं. बाटली मी पर्समध्ये घेऊन फिरायला लागले, कधी त्यांचा मूड लागला तर म्हणून. तो लागला नाही.

मे महिन्यात माझ्या लेकीचं लग्न झालं, बीड बायपासच्या एका लॉनवर, गोरज मुहूर्तावर. लग्नात नवरा-नवरीला सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवायची पद्धत आहे. एरवी लग्नं दुपारी लागतात, तेव्हा गुरुजी हॉलच्या पीओपीकडं बोट करतात, जोडपं पंख्याकडं बघून "दिसली" म्हणतं, आणि संसारातल्या खोट्याचा पहिला धडा तिथंच गिरवून होतो. या लग्नात मात्र अंधार पडला होता आणि डोक्यावर खरं आभाळ होतं. तेव्हा गुरुजींनी मोठ्या कौतुकानं नवरीच्या आजोबांनाच पुढं केलं.

अण्णांनी फेटा सावरला आणि घसा साफ केला. सप्तर्षींची शेपूट, तिच्यातला मधला तारा वसिष्ठ, त्याला अगदी खेटून ती अरुंधती, असं सगळं बिनचूक सांगितलं. आणि हात केला तो पूर्वेला, मोबाइल टॉवरच्या लाल दिव्याकडं. "दिसली?"

"दिसली, आजोबा," जावई म्हणाला. नवा होता, त्याला काहीही दिसलं असतं. "वा, काय स्पष्ट दिसतेय," व्याही म्हणाले. विहीणबाईंनी तर टॉवरला हात जोडले. गुरुजींना पुढच्या लग्नाची घाई, तेही "दिसली, दिसली, चला" म्हणाले. आता सुटलो, असं मला वाटलं.

माझी लेक त्या गच्चीवर वाढलेली. तिनं अण्णांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात सावकाश फिरवला, उत्तरेकडं, मग थोडा वर, आणि तिथं थांबवला. तिचा हिरवा चुडा वाजला तेवढाच आवाज. "इथं आहे, आजोबा."

अण्णांचा राग मला ठाऊक आहे. आता हात हिसकावतील, ताडताड निघून जातील, लग्नाचा विचका होईल, अशी मी तयारीतच होते. त्यांनी हात तिच्या हातात तसाच राहू दिला. डोळे बारीक करून त्या बाजूला बघितलं.

"मला नाय दिसत गं," ते म्हणाले. "आहे का ती?"

"आहे."

"वसिष्ठाच्या कुठल्या अंगाला?"

"खालच्या. लई बारीक आहे, पण आहे."

लोकांनी एवढी वर्षं अण्णांना विचारलं होतं. अण्णांनी कुणाला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला रडू आवरेना. ते माझ्याकडं वळले. "ती बाटली आणलीस का?"

नवरा-नवरीसाठी मांडलेल्या लाल मखमली खुर्चीत अण्णा फेटा काढून बसले आणि मान मागं टाकली. वऱ्हाड ताटं हातात घेऊन बघत होतं. बघू दे, म्हटलं. पहिला थेंब गालावर ओघळला.

"नीट टाक," अण्णा म्हणाले.

"मग डोळा मिटू नका," मी म्हणाले. त्यांनी मिटला नाही.