आधी आपला नळ

शहराच्या पाणीखात्याच्या मुख्य अधिकारी झाल्यापासून सगळे त्यांना माघारी नुसतं ‘बाई’ म्हणत. बाईंचा खाक्या एकच. पाणी तोडायची वेळ आली की पहिला व्हॉल्व्ह अधिकाऱ्यांच्या वसाहतीचा फिरवायचा आणि उघडायचा मात्र सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या शहरांतले अधिकारी त्यांच्याकडे नियोजन शिकायला येत. फळ्यावर आलेख काढून झाले की बाई खडू खाली ठेवत. "हे सगळं विसरलात तरी चालेल. आधी आपला नळ बंद करायचा, तेवढं विसरू नका." ऐकणारे टाळ्या वाजवत. वसाहतीतल्या बायका मात्र बोटं मोडत, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

घरी बाईंचे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. मोठा थट्टेखोर माणूस. "अख्ख्या शहराला पाणी देतेस आणि आपल्या घरात ठणठणाट! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," असं म्हणून स्वतःच आधी हसायचे. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून जरा दमानं हसायचे, इतकंच.

जुनी मुख्य जलवाहिनी बदलायची योजना बाईंनी कित्येक वर्षं खपून तयार केली होती. कोणता भाग कधी बंद, टँकर कुठे उभे राहणार, सगळं ठरलेलं. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना पाणी दारापर्यंत नेऊन द्यायचं, ही कल्पनाही बाईंचीच. उपअधिकाऱ्याने त्या यादीत वसाहतीतली चार घरं घातली होती, त्यात पहिलं मास्तरांचं. बाईंनी चारही खोडली.

"मॅडम, सरांचं ऑपरेशन झालंय," तो चाचरत म्हणाला.

"आणि लोक काय म्हणतील? साहेबलोकांना घरपोच पाणी? आमचं आम्ही बघू."

बघणार कोण होतं? बाई तर सकाळपासून खोदकामावर. निघताना त्यांनी बजावलं, "अहो, बादलीला हात लावायचा नाही. मी आल्यावर आणते."

"हुकूम शिरसावंद्य, बाईसाहेब," मास्तर म्हणाले.

दुपारी टँकर आला. बायको दिवसभर उन्हात उभी राहणार आणि आल्या आल्या बादल्या उचलणार, हे मास्तरांच्या मनाला काही पटेना. पहिली बादली त्यांनी तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली. दुसरी आणताना जिन्यात बसले ते बसलेच. शेजारणीने पाहिलं तेव्हा पाणी पार खालच्या पायरीपर्यंत ओघळलं होतं.

सगळं आटोपून माणसं निघून गेली, तेव्हा बाईंना न्हाणीघरात ती पहिली बादली दिसली. काठोकाठ भरलेली, वर ताट झाकलेलं. बाई तिथेच फरशीवर बसून ओक्साबोक्शी रडल्या. ते पाणी वापरवेना आणि ओतूनही देववेना.

बाई पुन्हा कामावर आल्या. योजनेचा पुढचा टप्पा काही थांबणार नव्हता. बैठकीत उपअधिकाऱ्याने विचारलं, "मॅडम, वसाहतीचा नियम काढून टाकू या का?" सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"नियमात खोट नव्हती," बाई म्हणाल्या. "आधी आपलाच नळ बंद होईल. पण आजारी माणूस आपल्या घरातला आहे म्हणून काही कमी आजारी नसतो. एवढी साधी गोष्ट मला कळली नाही, आणि मी दुसऱ्यांना शिकवत होते. ती चार घरं यादीत परत घाला."

चार म्हणताना आपलंही घर त्यात मोजलं गेलं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ज्यांच्या ध्यानात आलं, त्यांची ‘तीन’ म्हणायची छाती झाली नाही.

पुन्हा पाणी बंद झालं त्या रविवारी सकाळी बाईंचं दार वाजलं. खात्यातला नवा कामगार दोन भरलेले कॅन घेऊन धापा टाकत उभा होता. बाईंना त्याने ओळखलंच नाही.

"आजारी माणसासाठी पाणी आणलंय, ताई. कुठे ठेवू?"

बाईंनी न्हाणीघराकडे बोट दाखवलं. त्याने कॅन नेऊन ठेवले, घाम पुसला आणि जाता जाता दारात थांबला.

"आणि घरातल्या आजोबांना हे उचलू देऊ नका हं. यादीत त्यांच्या नावापुढे तसं मुद्दाम लिहिलंय."

बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली.

"नाही उचलू देणार," त्या म्हणाल्या.